पाच डब्ल्यू चाळीस

काउंटरपलीकडचा यज्ञेश चांगला मुलगा आहे.
मला 'बेन' म्हणतो, पाणी विचारतो,
पंखा माझ्याकडे वळवतो
आणि पडद्यावर बोट ठेवून सांगतो:
'कंपनीचं रेकमेंडेशन झीरो डब्ल्यू वीस. फिक्स आहे, बेन.'

फिक्स.
बाहेर अलकापुरीत चव्वेचाळीस डिग्री,
डांबर चपलेला धरून ठेवतंय,
आणि हा मला वीस नंबर देतोय,
सेवउसळीवरच्या तर्रीहून पातळ.

मी त्याला सांगत नाही
की कोयलीला, रिफायनरीच्या लॅबमध्ये,
एकतीस वर्षं मी हेच मोजलं:
काचेच्या वाकड्या नळीतून तेल
या खुणेपासून त्या खुणेपर्यंत
किती सेकंदांत उतरतं.
बाथ आधी चाळीसवर, मग शंभरवर.
तिसऱ्या पाळीत डोळे पेंगायचे,
स्टॉपवॉचवरचा अंगठा नाही.
सगळं लोकांच्या गाड्यांसाठी.
मी स्वतः मोपेडवर,
तिच्या पेट्रोलात पंपावरचा माणूस
ओतेल ते तेल.

ही गाडी निवृत्तीच्या पैशांची.
सेकंडहँड, दोन सीटची, करडी.
लाल घेतली असती तर वहिनींनी चारचौघांत विचारलं असतं;
करडी म्हणून स्वयंपाकघरात विचारलं:
'एकटीला दोन सीट कशाला?'

पर्स ठेवायला, म्हटलं.

रविवारी पहाटे हालोलच्या रस्त्यावर
काटा सहा हजारांपलीकडे जातो
तेव्हा शाफ्ट आणि बेअरिंगच्या मध्ये
केसाहून बारीक पडदा असतो तेलाचा.
लोखंड लोखंडाला शिवत नाही
तोवर ती गाडी.
शिवलं की प्रतापनगरचा भंगारवाला
किलोवर घेईल.

पुस्तिकेच्या मागच्या पानांत, जिथे कुणी जात नाही,
तापमानाच्या पट्ट्यांचा तक्ता आहे.
वीस वर, ठळक.
खाली मुंगीएवढ्या अक्षरांत चाळीससुद्धा:
उष्ण प्रदेश, सतत वेगात वापर.
मी पान उघडून त्याच्यापुढे सरकवलं.
त्यानं वाचलं. पहिल्यांदाच, असं वाटलं.
आत जाऊन मॅनेजरला विचारून आला.

'मायलेज घटेल, बेन.'
घटू दे.
'वॉरंटीत प्रॉब्लेम येईल.'
ती आधीच्या मालकाबरोबर गेली.
'मग सही करावी लागेल. स्वतःच्या जबाबदारीवर.'

माझ्या सहीवर टँकरच्या टँकर फाटकाबाहेर गेले,
पण तेव्हा सहीखाली छापलेलं असायचं:
करिता, मुख्य रसायनज्ञ.
आज कागदावर 'करिता' नव्हतं.
पेन जरा थांबलं.
मग केली, पूर्ण नावानं, वडिलांच्या आडनावासकट,
आणि खंडेराव मार्केटच्या भाजीच्या पिशवीतून
माझा डबा काढून काउंटरवर ठेवला.
बुडाला कोथिंबिरीचं पान चिकटलेलं.

पावती देताना यज्ञेश हळूच म्हणाला,
'माझ्या बाइकमध्ये कुठलं टाकू?'
आधी पुस्तिका आण, म्हटलं.

आता रोज सकाळी पहिल्या चावीला
इंजिनचा आवाज किंचित जड येतो.
किंवा माझ्याच कानांना तसा येतो.
चुकलेही असेन.
नळी घरी नाही, बाथ नाही, स्टॉपवॉच फोनमध्ये.
पारेखभाई म्हणायचे,
आकडा नळीला विचार, पण मग बोटालाही विचार.
म्हणून पार्किंगमध्ये बॉनेट उघडून
पट्टी बाहेर ओढते, पुसते, पुन्हा बुडवते,
एक थेंब अंगठा आणि तर्जनीमध्ये घेते
आणि चोळते.
वॉचमन बघत असतो.
मधासारखं, म्हणणार होते.
मधासारखं नाही.
बोटं दाबली तरी एकमेकांना
अजून सापडत नाहीत.